आपल्याच घरचं काम

लुर्देस: ...आणि तू मधे बोलायचं नाहीस, गिल. दार मी उघडणार.

गिल: दार कुणीही उघडलं तरी सह्या करायच्याच आहेत ना?

लुर्देस: करायच्याच आहेत. पण आधी मला तोंड बघायचंय. आमच्या सात नोटरींतलंच कुणीतरी आहे. फ्रेस्नोहून पन्नास डॉलरसाठी इथं टुलारेपर्यंत कोण मरायला येतंय?

गिल: मला अजून एक कळलेलं नाही. आपल्याच कर्जाचं काम तुझ्याच फोनवर कसं आलं?

लुर्देस: त्या मधल्या कंपनीच्या यादीत माझं नाव आहे म्हणून. बँक त्यांना सांगते, या या घरी जाऊन कर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायला नोटरी पाठवा. ते सगळ्या नोटरींच्या फोनवर एकदम सोडतात. कर्ज कुणाचं ते लिहीत नाहीत. नुसतं गाव, वार, वेळ आणि भाव. 'टुलारे, बुधवार, साडेतीन, पन्नास डॉलर. हवं असल्यास बटण दाबा.' मी तुझ्या लिंग्विसा सॉसेजसाठी कांदा चिरत होते. वाचलं आणि म्हटलं, अगंबाई, बुधवार साडेतीन म्हणजे आपलंच की!

गिल: मग तूच दाबायचंस. पन्नास डॉलर घरात राहिले असते.

लुर्देस: माझ्याच सहीवर माझाच शिक्का? मग तुरुंगात डबा कोण आणून देईल, तू?

गिल: दिला असता. मिठाशिवाय.

लुर्देस: हसू नकोस. मी ओट्यापाशी फोन धरून उभी. मनात म्हणतेय, राहू दे पडून, कुणी घेऊ नका. चार तास पडून राहिलं की त्यांना भाव चढवावाच लागतो. सत्तर करतील, नव्वद करतील. ऑक्टोबरात सातजणांनी पॅनकेकवाल्याकडे बसून शब्द दिला होता, शंभराच्या खाली कुणी जायचं नाही. आणि किती वेळ राहिलं म्हणतोस? चार मिनिटं. चार मिनिटांत 'काम गेलं.'

गिल: आणि मग तू साही जणांना फोन लावलेस.

लुर्देस: लावणारच. म्हटलं, बुधवारी माझ्या दारात कोण उभं राहतं ते मला दिसणारच आहे. गुरुवारी दहाला पॅनकेकवाल्याकडे सगळ्यांसमोर नाव सांगणार. कुणाचा आवाज हलतो ते कान देऊन ऐकत होते. एकाचाही हलला नाही. असले कोडगे.

गिल: नाव सांगून काय होणार?

लुर्देस: काय व्हायचं ते होईल. निदान लाज तरी वाटेल. पाच महिने मी घरात बसून कार्डांवर वाणसामान आणलंय, गिल. हे कर्ज आपण कशाला काढतोय? ती कार्डं फेडायलाच ना? शब्द पाळायचा म्हणून घरावर नवीन कर्ज चढवायचं मी, आणि सह्या घ्यायला कोण येणार, तर तो शब्द मोडणारा!

गिल: दारातून परत नको पाठवूस म्हणजे झालं. आज सही नाही झाली तर तो व्याजाचा दर जातो म्हणालीस.

लुर्देस: ठाऊक आहे मला. तेच तर. हाकलायचीसुद्धा सोय नाही.

गिल: गाडी आली.

लुर्देस: कुणाची?

गिल: डार्लाची.

लुर्देस: अंडी घेऊन आली असेल. बुधवार ना आज. तिला सांग, पटकन दे आणि जा, आमच्याकडे माणूस यायचाय.

गिल: हातात अंडी नाहीत, लुर्देस.

लुर्देस: मग?

गिल: चाकांची बॅग आहे.

लुर्देस: नाही. नाही, डार्ला नाही.

डार्ला: लुर्देस? मीच आहे गं. दार उघडंच दिसतंय... येऊ?

लुर्देस: या ना, नोटरीबाई. या, या. पाय पुसा आणि या. आम्ही कधीची वाट बघतोय आपली.

डार्ला: असं नको ना बोलूस.

लुर्देस: मग कसं बोलू? पन्नास डॉलरच्या माणसाशी कसं बोलतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. बसा. तुमची नेहमीची खुर्ची तीच. की आज पाहुण्याची देऊ?

गिल: बस, डार्ला. कॉफी घेशील?

लुर्देस: ती कामावर आहे. कामावर असताना कर्जदाराकडचं काही खायचं-प्यायचं नाही, कागदावर सांडतं. मीच शिकवलंय. हो की नाही, नोटरीबाई?

डार्ला: हो. शिकवलंयस.

लुर्देस: सोमवारी संध्याकाळी मी तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालीस?

डार्ला: 'बरं' म्हणाले.

लुर्देस: 'बरं.' मी इकडे बेंबीच्या देठापासून ओरडतेय, माझ्या घराचं काम कुणीतरी मातीमोल घेतलं, आणि ही बाई फोनवर 'बरं' म्हणते! तेव्हा तुला ठाऊक होतं?

डार्ला: होतं. घेतल्यावर तासाभरानं कागद आले, त्यावर नाव होतं. अव्हिला, लुर्देस आणि गिल्बर्ट. खरं सांगते, मी नाव बघितलं आणि प्रिंटरच बंद केला. मग तुझा फोन आला.

लुर्देस: मग काम परत का नाही दिलंस? दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतं त्यांनी. मला आयुष्यभर कळलं नसतं.

डार्ला: परत देणार होते. लिहूनसुद्धा ठेवलं होतं, 'तब्येत बरी नाही.' पण कागदात दिसलं ना मला, बुधवारी संध्याकाळी तुझा व्याजाचा दर संपतोय. आणि तुला माहितीय ते परत दिलेल्या कामाचं काय करतात. पस्तीसला सोडतात, कुणी मिळालं नाही तर उद्यावर ढकलतात. त्यांच्या बापाचं काय जातं? तुझा दर गेला असता.

लुर्देस: म्हणजे माझ्यावर उपकार करायला आलीस.

डार्ला: तुझी सही व्हावी म्हणून आले. बाकी तुला जे बोलायचं ते बोल.

लुर्देस: आभार मानू? गिल, आभार मान रे तिचे. आधी शब्द मोडला आणि मग दया केली.

गिल: सह्या करून घेऊ या का? साडेतीन होऊन गेले.

डार्ला: हो, करू या. तुमची लायसन्सं द्या दोघांची.

गिल: आता माझं लायसन्स कशाला? गेल्या नाताळला माझ्या शेजारी बसून जेवलीस की तू.

डार्ला: इथल्या कायद्याला ओळख चालत नाही, गिल. कितीही वर्षांची असू दे. फोटोचं कार्ड बघितल्याशिवाय नोंदवहीत लिहिता येत नाही.

लुर्देस: घे. सतरा वर्षांची ओळख आहे, तरी घे. बरोबर करतेस. ओळख धरून चालणाराच फसतो, हे मला आज नीट कळलं.

डार्ला: नंबर लिहिते... झालं. हे पहिलं कागदांचं पुडकं. इथं सही, इथं आद्याक्षरं, इथं पुन्हा सही. हे गहाणखत, हे शेवटी करू, त्याला अंगठा लागेल. हा खर्चाचा तक्ता...

लुर्देस: थांब. तो पालथा का टाकलास?

डार्ला: पालथा नाही, खाली ठेवला. सही फक्त शेवटच्या पानावर आहे.

लुर्देस: वर कर तो. दुसरं पान. गिलला वाचून दाखव, सह्यांच्या सेवेचे किती लावलेत आमच्याकडून.

डार्ला: तू बघितलंयस ना आधी? तीन दिवस आधी पाठवतात ते.

लुर्देस: मी बघितलंय. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

डार्ला: दोनशे पंच्याहत्तर.

गिल: किती?

डार्ला: दोनशे पंच्याहत्तर डॉलर.

गिल: आणि तुला पन्नास?

डार्ला: पन्नास. त्यात बँकेचा एक आणि तुमचा एक, असे दोन संच मिळून तीनशे वीस पानं छापायची, माझा कागद, माझी शाई. मग इथं यायचं. मग घरी जाऊन पान अन् पान स्कॅन करून पाठवायचं आणि सहाच्या आत पार्सलच्या खिडकीत पोचवायचं. हातात वीसेक उरतात.

गिल: आणि मधले सव्वादोनशे कोण खातं?

लुर्देस: फोनवर बटण सोडणारा खातो. तुझ्या बायकोचे दोनशे पंच्याहत्तर, तुझ्या बायकोच्या घरावर कर्ज काढून, तुझ्या बायकोच्याच धंद्याचा गळा दाबायला. आणि ते पान रोज बघून ही पालथं टाकते.

डार्ला: मग काय करू? प्रत्येक घरात तो आकडा दिसतो लोकांना. लोक माझ्याकडे बघतात, की या बाईला तासाभराचे पावणेतीनशे! परवा विसालियात एका म्हातारीनं मला चपला बाहेर काढायला लावल्या, म्हणाली, एवढे पैसे घेता तर फरशी तरी स्वच्छ ठेवा. खरी रक्कम सांगायची तर सोय नाही, करारातच लिहून घेतलंय त्यांनी. म्हणून पालथं टाकते. मला ते पान बघवत नाही.

गिल: आमच्या बापाच्या गोठ्यावर असंच झालं. दूध तेच, गाई त्याच. मधे एक टँकरवाला आला, मग त्याच्यावर एक आला. शेवटी दुकानात दूध महाग आणि बापाला वैरणीचे पैसे सुटेनात.

लुर्देस: मग तुझ्या बापानं काय केलं?

गिल: गाई विकल्या आणि मला टँकरवर चढवलं.

लुर्देस: झालं! हे आमचे सल्लागार.

डार्ला: तेव्हा दीडशे मिळायचे गं. आठवतं? ज्या वर्षी सगळ्या जगाला कर्ज बदलून घ्यायची हाव सुटली होती. दिवसाला सहा घरं. आपण गाडीतच बरिटो खायचो आणि सॉसच्या हातानं कागद धरायचा नाही म्हणून तू मला ओल्या फडक्यांचं पाकीट घेऊन दिलं होतंस.

लुर्देस: दोनशेसुद्धा मिळायचे. मग ते क्लासवाले आले. 'घरबसल्या आठवड्याला दोन हजार कमवा.' ज्याला बघावं तो शिक्का घेऊन फिरायला लागला. व्याज वाढलं, कामं आटली, आणि शिक्केवाले राहिले तेवढेच. भाव पडणार नाही तर काय? म्हणून तर सातजणांना बसवलं मी. म्हटलं, आपण तरी धरून राहू.

डार्ला: माझ्या नणंदेचा नवरा वकिलाकडे कामाला आहे. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, गप्प बसा, असं मिळून भाव ठरवणं गुन्हा आहे.

लुर्देस: आणि त्या कंपन्या भाव पाडतात, तो गुन्हा नाही?

डार्ला: तो बाजार.

लुर्देस: थू!

गिल: लुर्देस, कागदावर नको.

लुर्देस: कागद कोरडा आहे. पुढचं दे.

डार्ला: ही हक्काची नोटीस. तीन दिवसांत मन बदललं तर कर्ज रद्द करता येतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारी मध्यरात्रीपर्यंत. ही एक तुला, ही एक गिलला.

लुर्देस: एक-एक?

डार्ला: हो.

लुर्देस: डार्ला. किती प्रती द्यायच्या असतात?

डार्ला: ...दोन.

लुर्देस: प्रत्येकी दोन. एक सही करून परत पाठवायला, एक घरात ठेवायला. नवरा-बायको म्हणजे चार. दोनच्या ठिकाणी एक दिली तर रद्द करायच्या तीन दिवसांची तीन वर्षं होतात! हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलंय, याच टेबलावर. कुठं आहेत बाकीच्या?

डार्ला: छापल्या नाहीत. टोनर संपत आलाय. म्हणजे बघ, मी म्हटलं, ही काय, लुर्देस आहे, तिला कशाला जास्तीची...

लुर्देस: म्हणजे परक्या घरी चार देतेस आणि माझ्या घरी दोन?

डार्ला: परक्या घरी पण... कधी कधी...

लुर्देस: शी! हे झालंय आपलं. लोकांच्या हक्काचे कागद गाळून शाई वाचवायची. पन्नास डॉलरमध्ये हेच येणार. हीच किंमत. मला तुझी शिसारी येतेय, डार्ला, खरंच येतेय. माझ्या हाताखाली शिकलीस म्हणून सांगायची लाज वाटते. सतरा वर्षांत मी एक नोटीस चुकवलेली नाही.

डार्ला: कॉर्कोरन.

लुर्देस: काय?

डार्ला: कॉर्कोरनला चुकवलीस. फेब्रुवारीत.

गिल: फेब्रुवारीत तू कॉर्कोरनला कधी गेली होतीस?

लुर्देस: मी कुठं गेले होते?

डार्ला: मी बोलणार नव्हते. देवाशपथ, मी कुणाला बोलले नाही. पण तू म्हणालीस सतरा वर्षांत एकही नाही. शुक्रवारी सह्या घेतल्यास तू. नोटिशीत तारीख हातानं भरायची होती. शनिवार एक, रविवार सोडला, सोमवार दोन, मंगळवार तीन, असं मोजलंस आणि मंगळवार घातलास. सोमवारी राष्ट्राध्यक्ष दिनाची सरकारी सुट्टी होती, लुर्देस. तो दिवस धरायचा नसतो. बुधवार हवा होता.

गिल: मला काही समजत नाहीये.

डार्ला: कंपनीनं दुरुस्तीला मला पाठवलं. वीस डॉलरला; दुरुस्तीचं आपण काही ठरवलं नव्हतं. म्हातारा-म्हातारी होते, टोमॅटोच्या कारखान्यापलीकडे. म्हातारी म्हणाली, ती बाई फार घाईत होती, आम्ही पाणी दिलं ते पण घेतलं नाही. मी कागद उघडले तर खाली तुझा शिक्का. आणि सोबत कामाची पहिली चिठ्ठी होती, त्यावर भाव.

गिल: किती होता?

डार्ला: लुर्देस सांगेल.

गिल: लुर्देस?

लुर्देस: पंचेचाळीस.

गिल: तेरा फेब्रुवारी. चर्चमध्ये सणाच्या पावाच्या लाद्या पोचवायला जाते म्हणालीस.

लुर्देस: हो.

गिल: मी तेव्हाच म्हटलं होतं, गाडीला पावाचा वास कसा नाही.

लुर्देस: विजेचं बिल होतं रे. तुझ्या निवृत्तीच्या पैशातून गाडीचा हप्ता गेला होता आणि मला तुझ्यापुढं हात पसरायचा नव्हता. एकच घेतलं. एकच, गिल. बटण दाबलं आणि फोन पिठाच्या डब्यामागे ठेवला, जसा काही तो बघतोय माझ्याकडे. सबंध रस्ता मी पुढच्या गाडीला शिव्या देत गेले. त्या म्हातारीच्या हातचं पाणी तरी कुठल्या तोंडानं घेणार होते मी? सुट्टीचा दिवस मोजला मी! मी!

डार्ला: माणूस चुकतो गं.

लुर्देस: माणूस शंभरमध्ये चुकत नाही. पंचेचाळीसमध्ये चुकतो. आणि तुला फेब्रुवारीपासून ठाऊक आहे. तरी दर बुधवारी अंडी देऊन जातेस. मी इथं बसून शब्दाच्या गोष्टी सांगते आणि तू मान हलवतेस.

डार्ला: मग काय करायचं होतं? दुरुस्त केलं, नवीन नोटिशी दिल्या. चार दिल्या, हां! आणि घरी आले.

लुर्देस: आणि मग तूही घ्यायला लागलीस. मी घेतलं म्हणून.

डार्ला: नाही. महिनाभर नाही घेतलं. पण एक सांगू? तुझा शिक्का बघितला ना, तेव्हा मला हलकं वाटलं. लुर्देसनंसुद्धा घेतलं म्हणजे आता आपणही घेऊ शकतो, असं. तिथं त्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात उभी राहून मला बरं वाटलं. त्याची जेवढी किळस येते तेवढी पन्नास डॉलरची येत नाही.

गिल: मी कॉफी करतो. आणि आता कुणी मला सांडण्याचं सांगू नका.

लुर्देस: कर. तिला पण दे.

डार्ला: शाळेच्या कँटीनमध्ये अर्ज टाकलाय मी. तासाला वीस देतात. आणि दुपारचं जेवण.

लुर्देस: घेतील?

डार्ला: बोलावलंय शुक्रवारी. शिक्का असल्याचा काही उपयोग आहे का विचारलं, तर ती मुलगी म्हणाली, ट्रे धुता येतात ना?

लुर्देस: तुझं ते प्रिंटरचं पेनड्राइव्ह आणलंयस?

डार्ला: आहे बॅगेत. का?

लुर्देस: दे इकडे. मागच्या खोलीतला माझा प्रिंटर चालू आहे. त्या नोटिशी छापून आणते. अर्धवट कागद माझ्या घरातून जायचे नाहीत, मग काम कितीचंही असो. आणि टोनरचं एक डबडं पडलंय, तुझ्या प्रिंटरला बसतं ते. जाताना घेऊन जा.

डार्ला: नको गं.

लुर्देस: घे म्हणते ना! मला काय करायचंय? मी आता काय छापणार आहे?

गिल: डार्ला, साखर एक ना?

डार्ला: एकच. गिल... तुझ्यासमोर बोलायला नको होतं मी.

गिल: बोललीस ते बरं केलंस. महिनाभर ती झोपेत दिवस मोजते. शनिवार एक, सोमवार दोन, म्हणते. मला वाटलं, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे मोजतेय.

लुर्देस: काय कुजबुजताय? या घ्या. दोन तुला, गिल, दोन मला. आता बरोबर आहे. गहाणखत काढ.

डार्ला: हे इथं सही. तू पण, गिल. उजवा अंगठा, शाईवर... आता नोंदवहीत. दाबू नकोस, नुसता टेकव.

लुर्देस: मला शिकवतेस?

डार्ला: सवय गं. आणि एक विचारावं लागतं. आपण दोघं हे स्वखुशीनं करताय ना?

गिल: हे विचारावंच लागतं?

लुर्देस: मीच विचारायला शिकवलंय. लिही, हो म्हणाले. शिक्का मार.

डार्ला: मारला. झालं. एकशे साठ पानं. गुंडाळते आता, सहाची खिडकी गाठायची आहे.

लुर्देस: थांब. उद्याचं ठरवू. मी साही जणांना सांगून बसलेय, नाव सांगणार म्हणून.

डार्ला: सांग. मी येईन. समोर बसेन, पाठीमागे नको.

लुर्देस: सांगणारच आहे. आधी कॉर्कोरनचं सांगणार. पंचेचाळीस, तारखेसकट, सुट्टीसकट. मग तुला वाटलं तर तू तुझं सांग.

डार्ला: आणि मग सगळे हसतील.

लुर्देस: हसू देत. नाहीतर रडतील. मला आता काही फरक पडत नाही. त्या लबाडीच्या खुर्चीवर बसून मला परत सिरप ओतून घ्यायचं नाही.

(टेबलावरचे दोघींचे फोन एकाच वेळी थरथरतात.)

गिल: दोन्ही एकदम? काय आहे?

डार्ला: काम.

गिल: वाच की.

डार्ला: डिनुबा. उद्या गुरुवार, सकाळी दहा. दोन संच, स्कॅन करून परत. चाळीस.

गिल: उद्या दहाला तर तुम्ही पॅनकेकवाल्याकडे आहात.

लुर्देस: आहोत. डार्ला, तुला हवं असेल तर घे. मी काही बोलणार नाही. शपथ.

डार्ला: नको. तू घे.

लुर्देस: मला? चाळीसला?

डार्ला: मग पालथा घाल फोन.

लुर्देस: तू पण घाल.

गिल: किती वेळ राहतं ते?

लुर्देस: मागच्या वेळी चार मिनिटं राहिलं होतं.

गिल: मग तेवढा वेळ कॉफी प्या. अंडी गाडीत आहेत ना, डार्ला? मी आणतो.

डार्ला: मागच्या सीटवर. एक डझन आहेत. दोन तपकिरी.

लुर्देस: आत का नाही आणलीस?

डार्ला: फेकून मारशील वाटलं.

लुर्देस: मारली असती. ...कागद नीट भर, कोपरा दुमडतोय.

डार्ला: भरते.

गिल: ही घ्या अंडी. गेलं का ते?

लुर्देस: बघ.

डार्ला: गेलं. दोनच मिनिटांत.

गिल: कुणी घेतलं?

डार्ला: ते लिहीत नाहीत. पण उद्या दहाला कळेलच. जो येणार नाही तो डिनुबाला.

लुर्देस: गिल, तो फोन दे माझा.

डार्ला: लुर्देस, नको. आता कुणाला फोन करतेस?

लुर्देस: पॅनकेकवाल्याला. सांगते, उद्या सहाच खुर्च्या लाव.